आधी रबर, मग रुपये

चारशे-पाचशे रुपयांच्या इअरफोनच्या खोक्यावर हल्ली काय काय छापलेलं असतं! 'एक्स्ट्रा बास', 'एचडी साउंड', 'हाय-रेस', 'स्टुडिओ क्वालिटी'. त्याच खोक्याच्या तळाशी एका पारदर्शक पिशवीत रबराच्या आणखी दोन जोड्या असतात, एक लहान आणि एक मोठी. त्यांच्याबद्दल मात्र खोक्यावर चकार शब्द नसतो, आणि बहुतेक घरांत ती पिशवी न फोडताच खोक्यासकट माळ्यावर जाते. स्वस्त इअरफोन कसा वाजणार याचा निकाल बऱ्याच अंशी त्या पिशवीत लागतो. उरलेल्यातला मोठा भाग फोनमधल्या इक्वलायझरच्या पानावर लागतो, जे पान फारसं कोणी उघडत नाही. उंची फाइल, भारी ब्लूटूथ कोडेक (म्हणजे बिनतारी पाठवण्यासाठी ध्वनी आकसण्याची पद्धत), वेगळा विकत घेतलेला डॅक (म्हणजे डिजिटल ध्वनीचं विद्युतलहरींत रूपांतर करणारं उपकरण) या सगळ्यांची पाळी त्यानंतर येते, आणि स्वस्त इअरफोनच्या बाबतीत बहुधा येतच नाही. आपण पैसे मात्र नेमक्या उलट्या क्रमाने खर्च करतो.

रबराला एवढं महत्त्व का, हे समजायला इअरफोन आणि स्पीकर यांच्यातला फरक लक्षात घ्यावा लागतो. स्पीकरला खोलीभर हवा हलवायची असते, म्हणून घुमारा हवा असेल तर त्याचा पडदा मोठा लागतो. कानाच्या आत बसणाऱ्या इअरफोनचा पडदा जेमतेम 10 मिलिमीटरचा असतो, तरी तो खालचे स्वर व्यवस्थित वाजवू शकतो. कारण त्याच्यासमोर हवा असते ती फक्त एक-दोन मिलिलिटर, आणि तीही बंदिस्त. पडदा जरासा पुढे सरकला की ती हवा दाबली जाते आणि दाब थेट कानाच्या पडद्यावर पोचतो. सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा घट्ट धरला तर दट्ट्या थोडासा रेटूनही दाब जाणवतो. अंगठा किंचित ढिला केला की हवा फुस्सकन निघून जाते. रबर आणि कानाची नळी यांच्यात बारीकशी फट राहिली तर हेच होतं. त्यातही मेख अशी की नुकसान सगळ्या स्वरांचं सारखं होत नाही. वरच्या स्वरांची कंपनं इतकी जलद असतात की हवेला फटीतून निसटायला उसंतच मिळत नाही. खालच्या स्वरांची कंपनं संथ असतात, त्यामुळे हवा आरामात बाहेर पडते. म्हणून फटीतून गळतो तो फक्त खर्ज.

हे गळणं ऐकणाऱ्याच्या लक्षात का येत नाही, याचं कारण आपल्या मेंदूत आहे. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेची मूळ वारंवारता साधारण 69 हर्ट्झ असते. तिच्यावर 138, 207, 276 अशा उपस्वरांची रांग उभी असते. मूळचे 69 हर्ट्झ पूर्ण गळून गेले तरी वरच्या रांगेवरून मेंदू तळाचा स्वर कोणता ते अचूक ताडतो, आणि आपल्याला तोच स्वर ऐकू आल्यासारखा वाटतो. सूर चुकलेला नसतो, चालही तीच असते. हरवलेलं असतं ते स्वराचं वजन. डग्ग्याची घुमक पातळ होते, ढोलकी टपटपते, गायकाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागतो. काहीतरी बिनसलंय एवढं कळतं, पण स्वर जागेवर असल्यामुळे दोष फिटिंगचा आहे अशी शंकाही येत नाही. तो इअरफोन बनवणाऱ्याच्या माथी मारला जातो, आणि पुढच्या खरेदीची तयारी सुरू होते.

तपासणी सोपी आहे. गाणं चालू असताना दोन्ही इअरफोन बोटाने अलगद आत दाबावेत. दाबताक्षणी खालचे स्वर भरून आले आणि सोडताच ओसरले, तर रबर बसलेलं नाही असं खुशाल समजावं. दुसरी खूण अशी की गाणं बंद करून चार वाक्यं बोलावीत. रबर नीट बसलं असेल तर स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि चालताना टाचेचे ठोके कानात ऐकू येतात. काहींना हे घुमणं नकोसं वाटतं, पण गाण्याच्या दृष्टीने ते शुभलक्षण आहे. कित्येकांच्या दोन कानांच्या नळ्या सारख्या मापाच्या नसतात, तेव्हा डाव्या बाजूला मधलं आणि उजव्या बाजूला मोठं रबर लावण्यात काहीही वावगं नाही. घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढली की नळी सरळ होते आणि रबर खोलवर बसतं. खोक्यातलं एकही माप जमलं नाही तर वेगळ्या आकाराची सिलिकॉनची रबरं किंवा फोमच्या टिपा सुट्या मिळतात. फोमची टीप बोटांनी चेपून घालायची, मग ती आत फुगून नळीचा आकार घेते. ती वरचे स्वर थोडे मऊ करते, जे कर्कश इअरफोनला बरंच मानवतं. मात्र ती लवकर झिजते आणि बदलावी लागते. जे इअरफोन मुळातच रबराशिवाय, कानाच्या वाटीत नुसते टेकणारे असतात, त्यांना हा उपाय जवळजवळ लागू नाही. त्यांची फट ही रचनेतच आहे, आणि त्यांच्याकडून डग्ग्याची अपेक्षा करू नये.

याच ओघात दोन फुकटचे उपाय सांगायला हवेत, कारण 'इअरफोन बिघडला' या तक्रारीमागे बरेचदा त्यांनीच दूर होणारी कारणं असतात. एका बाजूचा आवाज हळूहळू बारीक आणि बोदा होत गेला असेल तर रबर काढून नळीच्या तोंडावरची जाळी उजेडात धरून पाहावी. कानातला मळ तिथे बसलेला असतो. इअरफोनचं तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने तो झाडायचा. पिन खुपसायची नाही, ओलं फडकं लावायचं नाही. दुसरी तक्रार जास्त मजेची आहे. वायरचा इअरफोन लावला की वाद्यं ऐकू येतात, कोरस येतो, पण मुख्य गायक मात्र विहिरीच्या तळाशी गेल्यासारखा नाहीसा होतो. पिनेवर एक कडी दोन्ही कानांची सामायिक, म्हणजे ग्राउंडची असते. ती फोनच्या आत टेकली नाही की दोन्ही कानांना डाव्या आणि उजव्या बाजूतला फक्त फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज बहुतेक ध्वनिमुद्रणांत दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो, त्यामुळे वजाबाकीत तो शून्य होतो. कारण असतं खिशातली कापसाची गुठळी, जी फोनच्या भोकात तळाशी ठासून बसते आणि पीन पूर्ण आत जाऊ देत नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने ती हलकेच उकरून काढली की गायक परत येतो. या एका गुठळीपायी किती इअरफोन कचऱ्यात गेले असतील, देव जाणे.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. कोणी म्हणेल, रबर-बिबर ठीक आहे, पण शेवटी महाग ते महाग; पाच हजारांचा इअरफोन पाचशेच्या इअरफोनपेक्षा चांगला वाजणारच. हे इतकं उघड वाटतं की मोजून पाहावं असं फारसं कोणाच्या मनात येत नाही. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने ते मोजलं. 2017 साली अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्याने 283 हेडफोन आणि इअरफोनांच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणता स्वर किती जोरात वाजतो याचा आलेख आणि दुकानातली किंमत यांच्यात त्याला काहीही संबंध आढळला नाही. हा आलेख म्हणजेच आवाजाच्या दर्जाचा मोठा भाग, हे शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी हरमन कंपनीच्या प्रयोगशाळेत 2012 नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिलं होतं. कोणता हेडफोन वाजतोय हे ऐकणाऱ्याला कळू न देता त्यांनी चाचण्या घेतल्या, तेव्हा बहुतांश लोकांची पसंती एकाच प्रकारच्या समतोलाकडे झुकली. खालचे स्वर थोडे भरलेले, मधले स्पष्ट, वरचे न टोचणारे. देशोदेशींच्या आणि वेगवेगळ्या वयाच्या श्रोत्यांत यात फार मोठा फरक पडला नाही. हा समतोल गाठायला सोनं-प्लॅटिनम लागत नाही, आरेखन नीट असावं लागतं. चीनमधले कित्येक छोटे उत्पादक आज हजार-दीड हजारात तो गाठतात, आणि काही नामवंत महागडे इअरफोन त्याच्या आसपासही फिरकत नाहीत.

मग महाग इअरफोन दुकानात जास्त चांगला का वाटतो? एक तर आपल्याला किंमत ठाऊक असते, आणि ठाऊक असलेली किंमत कानांना गप्प करते. दुसरं, जरासा मोठा आवाज नेहमी जास्त चांगला आवाज म्हणून खपून जातो. दोन इअरफोनमध्ये दोन-तीन डेसिबलचा फरक असला तरी मोठा वाजणारा 'जास्त बारकावे दाखवतो' असं ऐकणारा छातीठोकपणे सांगतो. तुलना करायचीच असेल तर आधी दोघांची पातळी सारखी करावी; निम्म्याहून अधिक जादू तिथेच उतरते. याचा अर्थ जास्तीच्या पैशांत काहीच मिळत नाही असा नाही. टिकाऊ वायर, चांगला माइक, बॅटरी, बाहेरचा गोंगाट रद्द करणारी यंत्रणा, डाव्या-उजव्या बाजूंची बारकाईने जुळवलेली जोडी, या गोष्टी पैशांनी येतात आणि त्या खऱ्या आहेत. त्या आवाजाच्या समतोलाची हमी देत नाहीत, इतकंच.

समतोल बिघडलेला असेल तर तो बऱ्याच प्रमाणात सुधारता येतो, आणि त्यासाठीच इक्वलायझर असतो. स्वस्त इअरफोनांचे दोष ठरीव आहेत. 100 ते 250 हर्ट्झच्या पट्ट्यात फुगवटा असतो, म्हणून गायकाच्या आवाजावर गोधडी टाकल्यासारखं वाटतं. मधला भाग खचलेला असतो. वर, 6 ते 8 हजार हर्ट्झच्या आसपास एक शिखर असतं, आणि प्रत्येक 'स', 'श' आणि 'च' कानात सुईसारखा टोचतो. अँड्रॉइडच्या साध्या इक्वलायझरमध्ये पाच दांड्या दिसतात: 60, 230, 910, 3600 आणि 14000 हर्ट्झ. ते उघडणाऱ्यांतले बहुतेक जण काय करतात, तर पहिली आणि शेवटची दांडी टोकापर्यंत वर नेतात, म्हणजे आधीच फुगलेलं आणखी फुगवतात. करायचं याच्या उलट. 230 ची दांडी तीन-चार डेसिबलने खाली आणून ऐकावं, गोधडी निघते. 'स' टोचत असेल तर 3600 ला हात न लावता 14000 ची दांडी थोडी उतरवून पाहावी. पाच दांड्यांचं हे हत्यार बोथट आहे, 7000 च्या शिखरावर त्याचा नेम बसत नाही. अधिक दांड्यांचं ॲप मिळालं तर उत्तम. 'वेव्हलेट'सारख्या अँड्रॉइड ॲपमध्ये 'ऑटोईक्यू' या मुक्त प्रकल्पातले, हजारो मॉडेलांच्या मोजमापांवरून काढलेले तयार दुरुस्ती-आलेख असतात. आपलं मॉडेल यादीत सापडलं तर निम्मं काम झालेलं असतं. आयफोनवर सुलभतेच्या सेटिंगमध्ये 'हेडफोन अकोमोडेशन्स' नावाची सोय आहे, ती मर्यादित असली तरी उपयोगी आहे. एक पथ्य मात्र पाळावं: फोनचा स्वतःचा 'सराउंड' किंवा 'ॲटमॉस' प्रभाव, इअरफोनच्या ॲपमधला इक्वलायझर आणि गाण्याच्या ॲपमधला इक्वलायझर असे तीन स्वयंपाकी एकाच भांड्यात मीठ घालत असतात. दोन बंद करून एकच ठेवावा.

दांडी वर नेण्याऐवजी खाली आणा, असं सांगण्यामागे केवळ अभिरुची नाही, साधं गणित आहे. डिजिटल ध्वनीला कमाल मर्यादा असते आणि आजकालची गाणी तिला जवळजवळ टेकूनच मुद्रित होतात. त्यात खालचे स्वर सहा डेसिबलने वाढवले तर ते मर्यादेबाहेर जातात आणि लहरींची टोकं छाटली जातात. डग्ग्याच्या प्रत्येक थापेसोबत जी चरचर ऐकू येते ती हीच. वाढवायचंच असेल तर ॲपमधला 'प्रीॲम्प' तेवढ्याच डेसिबलने आधी खाली घ्यावा आणि मग फोनचा आवाज वाढवावा. 'पण इक्वलायझर म्हणजे कलाकाराने दिलेल्या आवाजात ढवळाढवळ', असा एक शुद्धतावादी आक्षेप नेहमी घेतला जातो. हा आक्षेप ज्याच्या इअरफोनचा आलेख सपाट-समतोल आहे त्याने घ्यावा. पाचशेच्या इअरफोनने स्वतःहून आठ डेसिबलची ढवळाढवळ आधीच केलेली असते. आपण ती फक्त पुसतो. अर्थात सगळं पुसता येत नाही. पडदा स्वतःच विकृत ध्वनी काढत असेल, दोन बाजूंत फरक असेल किंवा एखादा स्वर आलेखात खोल खड्ड्यात गेला असेल, तर दांड्या हलवून काही हाती लागत नाही. तिथे इअरफोन बदलणं हाच इलाज.

आता फाइल, डॅक आणि कोडेक. फोनमध्ये 'दम' नसतो म्हणून वेगळा डॅक किंवा ॲम्प्लिफायर हवा, ही समजूत आकडेमोडीला टिकत नाही. 16 ओहमच्या इअरफोनला फोनने नुसता अर्धा व्होल्ट दिला तरी सुमारे 16 मिलिवॉट शक्ती मिळते. इअरफोनची संवेदनशीलता दर मिलिवॉटला 100 डेसिबल धरली तर आवाज 112 डेसिबलवर जातो, म्हणजे कान फुटायच्या बेताला. दम कमी पडत नाही, जास्तच होतो. 'हाय-रेस'ची गोष्टही अशीच आहे. 2007 साली मेयर आणि मोरान या संशोधकांनी उच्च दर्जाचं मुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जावर उतरवलेलं मुद्रण असं 554 वेळा लोकांना ओळखायला लावलं; बरोबर उत्तरं आली 276, म्हणजे नाणं उडवून जितकी आली असती तितकीच. 2016 मध्ये जोशुआ राइस यांनी अशा अनेक प्रयोगांचं एकत्र विश्लेषण केलं, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण 52.3 टक्के निघालं. म्हणजे फरक अगदीच शून्य नाही, पण जो फरक चांगल्या यंत्रांवर, लक्ष देऊन ऐकणाऱ्यांना पन्नासाच्या जरा वर नेतो, तो लोकलच्या डब्यात फट राहिलेल्या रबरातून काय ऐकू येणार? गाण्याच्या ॲपमध्ये दर्जाचं सेटिंग 'लो' किंवा 'डेटा सेव्हर'वर अडकलेलं नाही एवढं पाहावं, तो फरक खरंच ऐकू येतो. ब्लूटूथमध्ये साधा एसबीसी कोडेक 328 किलोबिटपर्यंत जातो, एलडॅक 990 पर्यंत. कागदावरची ही तफावत स्वस्त इअरबडच्या पडद्यापाशी येईतो बहुधा विरघळलेली असते. ब्लूटूथचा एक दोष मात्र ठळक ऐकू येतो. गेम किंवा कॉलसाठी माइक चालू झाला की जोडणी फोनकॉलच्या पद्धतीवर उतरते आणि गाणं एकाएकी जुन्या टेलिफोनसारखं वाजू लागतं. इअरबड बिघडलेला नसतो. कोणत्या ॲपने माइक धरून ठेवलाय ते शोधावं.

मुद्रणच मर्यादित असेल तर कोणताही इअरफोन त्यात नसलेलं घालू शकत नाही, हेही ध्यानात ठेवलेलं बरं. 1925 च्या आधी ध्वनिमुद्रण कर्ण्यातून, विजेशिवाय होत असे. त्या तबकड्यांवर अगदी खालचे आणि अगदी वरचे स्वर उतरलेलेच नाहीत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या सुरुवातीच्या तबकड्या ऐकताना 60 आणि 14000 च्या दांड्या वर नेल्या तर फक्त घरघर आणि खरखर वाढते. तिथे वरचे स्वर बरेच कापून टाकावेत. गळा होता तिथेच राहतो, खरखर ओसरते.

शेवटचा धागा पातळीचा. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी 1933 मध्येच दाखवलं होतं की आवाज कमी असताना कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा खूपच कमी ऐकू येतात. त्यात रबरात फट आणि बाहेर रेल्वेचा किंवा एसटीच्या इंजिनाचा गडगडाट, जो नेमका त्याच खालच्या पट्ट्याला झाकतो. मग माणूस खर्जाच्या शोधात सगळाच आवाज वाढवत नेतो. खर्ज गळतच राहतो, आणि 3000 हर्ट्झच्या आसपासचा, कानाला सर्वांत तीव्र लागणारा पट्टा मात्र धोक्याच्या पातळीवर पोचतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी घातलेली मर्यादा आठवड्याला 80 डेसिबलवर 40 तास अशी आहे. दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो, म्हणजे 90 डेसिबलवर आठवड्याला फक्त चार तास उरतात. नीट बसलेलं रबर बाहेरचा गोंगाट अडवतं आणि आतला खर्ज धरून ठेवतं, त्यामुळे तेच गाणं कितीतरी खालच्या पातळीवर पुरेसं भरीव लागतं. तेव्हा नवा इअरफोन मागवण्याआधी माळ्यावरचं खोकं खाली काढा, पिशवी फोडा आणि प्रत्येक कानाला माप लावून पाहा. एकही माप बसलं नाही, तर पहिले शे-दोनशे रुपये सुट्या रबरांवर घाला.